दगड कोठून आला आणि माणूस कोठे गेला

अश्मयुगासंबंधी जे लिखाण आपल्याकडे प्रसिद्ध होते, त्यात एक विधान थोड्याफार फरकाने वारंवार वाचावयास मिळते. अमुक स्थळी सापडलेल्या हत्याराचा दगड त्या परिसरातला नाही. तो वीस-पंचवीस कोसांवरच्या खडकाचा आहे. म्हणून ते हत्यार बाळगणारी माणसे तेवढ्या टापूत हिंडत असली पाहिजेत. विधान सुटसुटीत आहे आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभे करणारे आहे. त्याचा पहिला अर्धा भाग दगडाविषयी आहे, दुसरा माणसाविषयी. आणि या दोहोंना जोडणारा पूल म्हणजे 'म्हणून' हा एक शब्द. त्या पुलावरून किती भार जाऊ शकतो, याची परीक्षा करावी एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आम्ही पुरातत्त्वज्ञ नव्हे. पुराव्याचे वजन करणे हा आमचा व्यवसाय, आणि परिस्थितिजन्य पुराव्यावरून निघणाऱ्या अनुमानांशी आमचा रोजचा संबंध. अश्मयुगाचा इतिहास हा आद्यन्त परिस्थितिजन्य पुराव्याचाच इतिहास आहे. तेथे लेख नाही, दस्त नाही, तोंडी जबानी तर नाहीच. अशा ठिकाणी वकिलाने चार शब्द बोलणे वाचकांस अप्रस्तुत वाटणार नाही, अशी आशा आहे.

प्रथम पद्धतीचे श्रेय पद्धतीला दिले पाहिजे. शंभर वर्षांपूर्वी संग्राहक हत्यारांचे आकार पाहून समाधान मानीत: ही हातकुऱ्हाड, ही तासणी, हे पाते. आकारावरून काळ ठरवावयाचा आणि काळावरून संस्कृतीचे नाव, एवढ्यावर विषय संपे. पुढे कोणाच्या तरी मनात आले की हत्याराला आकाराप्रमाणे देहही आहे, आणि तो देह कोणत्या तरी डोंगराचा किंवा नदीपात्राचा तुकडा आहे. दगडाचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे कण पाहता येतात. त्यात अल्प प्रमाणात असणाऱ्या मूलद्रव्यांची मोजदाद करून त्याच्या उगमाशी तुलना करता येते. जो मनुष्य लाख वर्षांपूर्वी मेला, त्याचे नाव-गाव कोणीही सांगू शकत नाही. पण त्याच्या मुठीतल्या दगडाचे गाव सांगता येईल, ही कल्पनाच थोर आहे. तिच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. आमची हरकत आहे ती दगडाचे गाव तेच माणसाचे फिरणे, असे न सांगता धरून चालण्याला.

या हरकतीचे स्वरूप समजण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्यापैकी अनेकांच्या देव्हाऱ्यात पंचायतन आहे. त्यातला विष्णूचा शालिग्राम नेपाळातील गंडकीचा. शिवाचे बाण नर्मदेच्या पात्रातले. गणपतीचा तांबडा दगड शोण नदीचा, म्हणून त्याचे नावच शोणभद्र. देवीची सुवर्णमुखी शिला आंध्रातील त्याच नावाच्या नदीची, आणि सूर्याचा स्फटिक तंजावरजवळच्या वल्लमचा. एक तळहाताएवढे तबक, आणि त्यात सबंध भरतखंडाचा भूगोल! उद्या कोकणातले एखादे घर मातीखाली गेले, आणि सहस्रावधी वर्षांनी कोणी संशोधकाने ते तबक उकरून काढले, तर त्याचे दगडांविषयीचे सर्व निष्कर्ष बिनचूक ठरतील. शालिग्राम हा सागरी प्राण्याचा हिमालयातला जीवाश्म आहे, हे तो ओळखील. स्फटिक कोणत्या दिशेचा, हेही कदाचित सांगेल. मात्र त्याने पुढे असे लिहिले की या घरातली माणसे गंडकीपासून तंजावरपर्यंत ऋतुमानाप्रमाणे हिंडत असत, तर आपण काय म्हणू? त्या घरातल्या आजोबांनी घाटसुद्धा दोनदाच ओलांडलेला असेल. शालिग्राम त्यांना त्यांच्या आजोबांकडून आला; त्यांना तो काशीहून आलेल्या कोणा यात्रेकरूने दिला; आणि त्या यात्रेकरूनेही गंडकी कधी पाहिली नसेल.

दगडाचा प्रवास हा अनेक हातांचा प्रवास असू शकतो, आणि त्या हातांपैकी कोणताही एक हात फार लांब गेलेला नसू शकतो. शिवाय प्रवासाचे कारण दगडाच्या कणांत लिहिलेले नसते. मंगेशाचे लिंग १५६० साली कुशस्थळीहून झुआरी ओलांडून प्रियोळास नेले गेले. दगडाच्या परीक्षेवरून कोठून व कोठे हे कदाचित कळेल. ते रातोरात का न्यावे लागले, हे इतिहासानेच सांगावे लागते.

दगड आपल्या उगमापासून दूर जातो तो मुख्यतः चार वाटांनी. माणूस स्वतः उगमापाशी जाऊन तो उचलून आणतो, ही पहिली. एका टोळीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे असा तो देवघेवीत सरकतो, ही दुसरी. आधीच्या लोकांनी टाकलेला दगड नंतरचे लोक उचलून पुन्हा घडवतात, ही तिसरी; तीत अंतराबरोबर काळाचाही घोळ होतो. आणि चौथी वाट माणसाची नव्हेच: नदी तो वाहून आणते. यांपैकी पहिली वाट तेवढी माणसाच्या भटकंतीचा सरळ पुरावा देते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील ११४ व्या कलमाचे पहिलेच उदाहरण आम्हा वकिलांस तोंडपाठ असते. चोरीनंतर लवकरच ज्याच्या ताब्यात चोरीचा माल सापडला, त्याविषयी न्यायालय असे गृहीत धरू शकते की तो एक तर चोर आहे, किंवा माल चोरीचा असल्याचे जाणून त्याने तो घेतला आहे. अर्थात त्याला ताब्याचा खुलासा करता आला नाही तरच. जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली असली, तरी तत्त्व तेच राहिले आहे. कायदेकर्त्यांनी 'किंवा' हा शब्द किती जाणतेपणाने घातला आहे पाहा. वस्तू हाती असणे यावरून ती हाताने उचलली एवढे एकच अनुमान निघत नाही; ती हातावर ठेवली गेली, हेही तितकेच संभवते. आणि खुलाशाची संधी तर अश्मयुगातल्या माणसाला मिळणारच नाही. तेव्हा त्याच्या वतीने खुलासा शोधण्याचे काम संशोधकालाच करावे लागेल.

आता हा प्रश्न ज्या भूमीवर सर्वांत कठीण होतो, त्या आदिलाबादकडे वळू. मराठी वाचकांस हा मुलूख परका नाही. निझामाच्या राज्यातील या जिल्ह्याचे किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबादेतून तेव्हाच्या मुंबई राज्यात आले. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर आजही मराठी कानी पडते. गोदावरीकाठच्या बासरला सरस्वतीच्या दर्शनास आणि बाळाच्या अक्षरारंभास जाणारी मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेलंगणा सरकारने जुन्या जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे केले. येथे आम्ही 'आदिलाबाद' म्हणू ते त्या जुन्या, अखंड जिल्ह्याला उद्देशून. या टापूतून जुन्या अश्मयुगाची आणि त्यानंतरच्या सूक्ष्मास्त्रांच्या काळाची हत्यारे नोंदली गेली आहेत.

भूगर्भाच्या दृष्टीने हा जिल्हा म्हणजे चार मुलखांचा तिठा आहे. पश्चिमेकडून दख्खनचा काळा पाषाण, ज्याला भूशास्त्रज्ञ ट्रॅप म्हणतात, तो येथवर येऊन संपतो. निर्मलच्या बाजूला त्याहून कितीतरी प्राचीन ग्रॅनाइट आणि नाइस उघडे पडलेले आहेत. आदिलाबाद शहराच्या आसपास पैनगंगेच्या नावाने ओळखला जाणारा चुनखडीचा थर आहे, आणि त्यात मँगनीजच्या खनिजाबरोबर चर्ट नावाच्या कठीण, बारीक कणांच्या दगडाचे पट्टे आहेत. पूर्वेला बेल्लमपल्ली-मंचेरियालकडे गोंडवन काळाचे वालुकाश्म आणि त्यांच्या पोटातला कोळसा. जेथे दोन-तीन दिवसांच्या चालीत खडकाची जात चारदा बदलते, तेथे परका दगड ओळखणे सोपे व्हावे. वालुकाश्माच्या जमिनीवर अकीक किंवा कॅल्सेडनीचे पाते मिळाले, की ते पश्चिमेच्या ट्रॅपमधले, आणि कोणी तरी ते तेथून आणले, असे म्हणावयाचा मोह कोणालाही व्हावा.

परंतु याच जिल्ह्याला नद्यांनी तीन बाजूंनी वेढले आहे, आणि त्या सर्व ट्रॅपमधूनच येतात. त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी नांदेडपर्यंतचा आपला मार्ग मुख्यत्वे काळ्या पाषाणातून कापीत येते, आणि मग आदिलाबादच्या दक्षिण सीमेने ग्रॅनाइटवरून व वालुकाश्मावरून पुढे जाते. पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगरात निघते आणि उत्तरेच्या सीमेने वाहत वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, आणि ती कालेश्वरापाशी गोदावरीत येते. लाव्हारसातील पोकळ्यांत पाझरलेल्या सिलिकेपासून अकीक, कॅल्सेडनी, जास्पर हे दगड बनलेले असतात. भोवतालचा काळा पाषाण कुजून त्याची माती झाली तरी हे कठीण दगड टिकतात, ओढ्यात उतरतात आणि पुराबरोबर शेकडो मैल जातात. म्हणजे ज्या दगडासाठी माणसाने पश्चिमेकडे पंधरा दिवसांची पायपीट केली असे आपण समजतो, तो त्याच्या पाणवठ्याच्या वाळूतच पडलेला असू शकतो. पाणी भरावयास जावे आणि येताना चार गोटे ओटीत घालून यावे, एवढाच त्याचा 'प्रवास' असेल.

हा घोटाळा सोडविण्याचे साधन आहे, आणि ते फार खर्चाचेही नाही. प्रत्येक दगडाला साल असते. नदीने लोळवलेल्या गोट्याची साल गुळगुळीत असते. तिच्यावर आदळून झालेल्या बारीक चंद्रकोरी दिसतात. खडकातून सरळ काढलेल्या दगडाची साल खडबडीत, खडूसारखी किंवा मातकट असते. हत्यार घडविताना ही साल पुरती निघून जातेच असे नाही. आणि घडवणाऱ्याने उडविलेल्या पहिल्या कपच्यांवर तर ती असतेच. तेव्हा उगमाचा प्रश्न विचारण्यापूर्वी सालीचा प्रश्न विचारला पाहिजे: हा दगड माणसाच्या हाती खडकाच्या रूपाने आला, की गोट्याच्या? शिवाय जवळच्या नदीच्या जुन्या गोटेरी थरातील सर्व जातींच्या दगडांची गणती करून ती हत्यारांतील गणतीशेजारी ठेवली पाहिजे. दोन्ही गणती जुळत असतील, तर माणूस मिळेल ते उचलीत होता. न जुळत असतील, तर तो निवड करीत होता, किंवा दुरून आणीत होता. ही दोन कामे केल्यावाचून अंतराचा आकडा छापणे म्हणजे साक्षीदाराची सरतपासणी होताच उलटतपासणी न घेता निकाल लिहिणे होय.

दुसरी अडचण याहून अवघड आहे. जेथे प्रत्येक उगमाची रासायनिक ओळख वेगळी असते, तेथे ही पद्धत फार चांगली चालते. पूर्व आफ्रिकेतील ओलोर्गेसाइली येथे सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीच्या थरांत ज्वालामुखीच्या काळ्या काचेची, म्हणजे ऑब्सिडियनची हत्यारे मिळाली. त्या काचेचे उगम २५ ते ५० किलोमीटर दूरचे होते, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. प्रत्येक ज्वालामुखीच्या काचेचा गुणधर्म निराळा असतो, म्हणून हे शक्य झाले. आणि हेही नोंदण्यासारखे आहे की त्या संशोधकांनी केवळ भटकंतीचे अनुमान न काढता दूरच्या गटांशी देवघेव असण्याची शक्यता पुढे मांडली. आपल्या दख्खनची गोष्ट वेगळी. सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला हा पाषाण, आणि त्याच्या पोटातला अकीक नाशिकचा असो वा नांदेडचा, रूपाने भाऊ-भाऊच. 'हा ट्रॅपमधला' एवढे सांगणे म्हणजे 'हा माणूस दक्षिणेतला' एवढेच सांगण्यासारखे आहे. चर्टचेही तसेच, एकाच पट्ट्यातल्या दोन तुकड्यांत जेवढा फरक आढळतो, तेवढा कधी दोन डोंगरांतल्या तुकड्यांतही आढळत नाही.

आपल्याकडील दोन प्रमुख कामांकडे या दृष्टीने पाहिले, तर काय दिसते? पहिले काम नेवाशाचे. डॉ. हसमुख सांकलिया आणि त्यांचे सहकारी यांनी १९५४ ते १९५६ या काळात प्रवरेकाठी उत्खनन केले, आणि डेक्कन कॉलेजातर्फे १९६० साली त्याचा वृत्तान्त ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. महाराष्ट्राच्या प्रागितिहासाचा पाया म्हणून त्या ग्रंथाचे महत्त्व निर्विवाद आहे. प्रवरेच्या थरांत आधी ट्रॅप आणि डोलेराइटच्या मोठ्या हातकुऱ्हाडी, आणि वरच्या थरांत चर्ट, जास्पर, अकीक यांच्या लहान कपच्यांवर घडविलेल्या तासण्या व टोके, असा क्रम सांकलियांनी दाखविला. दगड बदलला आणि त्याबरोबर हत्यार बदलले, हे त्यांनी अचूक हेरले. पण दगड बदलला म्हणजे माणसे नवीन आली, किंवा जुनी माणसे नवीन मुलखात गेली, असे यावरून ठरत नाही. दोन्ही जातींचे दगड ट्रॅपच्याच मुलखातले. डोंगर तोच, नदी तीच; हात आणि नजर बदलली. पूर्वी ज्या दगडाकडे दुर्लक्ष होत होते, त्याचे गुण कोणाच्या तरी ध्यानी आले. त्या ग्रंथाची उभारणी थर आणि आकार या दोन प्रश्नांवर झालेली आहे. दगड कोणत्या रूपाने हाती आला हा प्रश्न त्या पिढीच्या अग्रभागी नव्हता. याबद्दल त्या पिढीला दोष देणे अन्यायाचे होईल. मात्र आज जो कोणी त्या हत्यारांच्या आधारे लोकांच्या हालचालींविषयी लिहील, त्याने तो प्रश्न नव्याने विचारलाच पाहिजे.

दुसरे काम कर्नाटकातील हुणसगी-बैचबाळच्या खोऱ्यातले, डॉ. के. पद्दय्या यांचे. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात त्यांनी सुट्या हत्यारांऐवजी सबंध खोऱ्याचा विचार केला. उन्हाळ्यात बारमाही झऱ्यांपाशी लोक एकत्र येत आणि पावसाळ्यात पाणी व अन्न सर्वत्र झाल्यावर पांगत, अशी उपपत्ती त्यांनी मांडली. पुढे १९९७ ते २००१ या काळात त्यांनी इसामपूर येथे सिलिकायुक्त चुनखडीच्या लाद्यांची जुनी खाणच उकरून काढली. लोक तेथे येऊन त्या लाद्या फोडीत आणि तेथेच कुऱ्हाडी घडवीत. तेथील प्राण्यांच्या दातांच्या परीक्षेवरून तिचा काळ सुमारे १२ लाख वर्षांचा असल्याचे २००१ साली सांगण्यात आले. या कामाची आम्हांस वाटणारी थोरवी अशी की येथे अनुमानाला जागा कमी आहे. खडक तेथे, फोडलेली लादी तेथे, कपच्यांचा ढीग तेथे, अर्धवट टाकलेली कुऱ्हाड तेथे. कायद्याच्या भाषेत ही घटनास्थळाची साक्ष झाली.

तथापि एक भेद वाचकाने लक्षात ठेवावा. ऋतूंप्रमाणे एकत्र येणे आणि पांगणे ही उपपत्ती झऱ्यांच्या व वस्त्यांच्या मांडणीवरून निघते. दगड मात्र बहुधा खोऱ्यातलाच. तो उन्हाळ्यात उचलला की पावसाळ्यात, हे त्याच्यावर लिहिलेले नाही. किंबहुना इसामपूरचा दगड काही सांगत असेल, तर तो माणसाचे एका जागी पुनःपुन्हा येणे सांगतो. चांगल्या दगडाची जागा ठाऊक असणे, ती पुढच्या पिढीला दाखवून ठेवणे, तिच्याकडे परतणे: भटकण्याहून ही वेगळी वृत्ती आहे. तिला आपल्या भाषेत 'वहिवाट' असा सुंदर शब्द आहे.

परदेशातही हा वाद नवा नाही. इंग्लंडातील स्टोनहेंजच्या निळ्या शिळा वेल्समधील प्रेसेली डोंगरांच्या आहेत, असे हर्बर्ट थॉमस या भूशास्त्रज्ञाने १९२३ साली दाखविले. उगम ठरला, पण वाद तेथे सुरू झाला. शिळा माणसांनी ओढून आणल्या, की हिमयुगात हिमनद्यांनी वाटेत आणून टाकल्या, यावर पुढे अनेक दशके पक्ष-प्रतिपक्ष झाले. प्रेसेलीतील शिळा काढण्याच्या जागाच जेव्हा उत्खननात पुढे आल्या, तेव्हा माणसांच्या बाजूचे पारडे जड झाले. २०२४ साली तेथील वेदीशिळेचा उगम स्कॉटलंडच्या ईशान्येकडील खडकात, म्हणजे सुमारे ७५० किलोमीटर दूर असल्याचे सांगण्यात आले, आणि तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. त्यांची हिमनदी, तीच आमची गोदावरी. वाहून नेणारे दुसरे कोणी हजर असताना एकट्या माणसावर आरोप ठेवता येत नाही.

शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९८४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या सांगितल्या, आणि त्यांना 'पंचशील' असे नाव दिले. ज्या गोष्टींवरून अनुमान काढावयाचे त्या पुरत्या सिद्ध झालेल्या असाव्यात. साखळी अखंड असावी. आणि सिद्ध करावयाच्या गोष्टीखेरीज अन्य प्रत्येक संभव वगळला जावा, हा त्यांचा सारांश. संशोधकाकडून फौजदारी खटल्याची ही कठोर कसोटी आम्ही मागत नाही. तसे केले तर प्रागितिहासाचे एकही पान लिहून होणार नाही. दिवाणी दाव्यातील संभवाचे झुकते माप पुरे आहे. पण मग भाषाही तीच असावी. 'हिंडत असत' असे न लिहिता 'हिंडत असण्याचा संभव देवघेवीच्या संभवाहून अधिक दिसतो, कारण अमुक' असे लिहावे. उगमापासून दूर जाताना हत्यारे लहान व झिजलेली होत गेली आहेत काय, घडणीतला कचरा स्थळावर आहे की तयार हत्यारेच आलेली आहेत, हे त्या 'कारण'चे दाखले. वाक्य लांबेल खरे. पण ते खोटे पडणार नाही.

इतकी चिकित्सा कशासाठी, असे कोणी विचारील. लाख वर्षांपूर्वीची माणसे हिंडली काय आणि बसली काय, कोणाचे काय बिघडते? याचे उत्तर आदिलाबादनेच दिलेले आहे. याच डोंगरांत गोंड आणि कोलाम राहतात. निझामाच्या काळी जंगले राखीव झाली, तेव्हा जागा पालटून शेती करणाऱ्या या लोकांना आपल्याच भूमीत अतिक्रमण करणारे ठरविण्यात आले. 'हे फिरते लोक. यांची जमीन ती कोणती?' हा त्या धोरणामागचा तर्क होता. जोडेघाटला १९४० साली कोमरम भीम मारला गेला, तो याच संघर्षात. त्यानंतर ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ येथे आले. १९४५ चे त्यांचे अहवाल आणि १९४८ चा राजगोंडांवरील ग्रंथ वाचला, म्हणजे गाव हलविणे आणि भूमीशी नाते नसणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, हे स्पष्ट होते. जागा बदलणाऱ्यालाही आपली हद्द, आपले देवस्थान आणि आपले पाणी ठाऊक असते.

'भटका' हा शब्द पुस्तकात वर्णन असतो. कचेरीत तो निवाडा होतो. वनहक्क कायद्याने २००६ साली हे काही अंशी ओळखले. त्याच्या तिसऱ्या कलमात फिरत्या व पशुपालक समाजांच्या ऋतुपरत्वे होणाऱ्या पारंपरिक वापराला हक्क म्हणून स्थान आहे. त्याच्या नियमांत पुरावा म्हणून विहिरी, स्मशाने, देवस्थाने आणि वडीलधाऱ्यांची जबानीही धरली जाते. म्हणजे हालचाल आणि हक्क ही एकमेकांची वैरी नव्हेत, हे कायद्यालाही उमगले. मग विद्वानाने एका दगडावरून सबंध समाजाला बेघर करावे काय?

येथे उलट बाजूचा मोहही सांगितला पाहिजे. आदिलाबादच्या नदीकाठी जुनी हत्यारे मिळतात, म्हणून आजचे अमुक लोक येथले आद्य मालक, असे म्हणणारेही निघतील. तेही तितकेच निराधार आहे. त्या हत्यारांच्या कर्त्यांचा आजच्या कोणत्याही जमातीशी, आमच्याशी किंवा त्यांच्याशी, वंशाचा धागा दगड जोडून देत नाही. दगड हा कोणाचाही सातबारा नव्हे. गोंडांचा आणि कोलामांचा हक्क त्यांच्या माहितीच्या इतिहासावर भक्कम उभा आहे; त्याला अश्मयुगाचा टेकू लावणे म्हणजे तो विनाकारण डळमळीत करणे होय.

तेव्हा आमची मागणी थोडक्यात अशी. आपल्याकडच्या पुष्कळ पाहण्या जिल्ह्याच्या हद्दीत होतात. पदवीच्या प्रबंधाला ते सोयीचे असते. पण ज्या जिल्ह्याची हद्द साठ वर्षांत दोनदा मोडली, त्याच्या हद्दीवर दगडाचा शोध थांबविणे हास्यास्पद आहे. आदिलाबादच्या दगडाचा उगम शोधावयाचा तर यवतमाळ, नांदेड, चंद्रपूर येथील नद्यांचे गोटेही त्याच माणसाने गोळा केले पाहिजेत. आणि त्यासाठी मराठी व तेलुगू या दोन्ही भाषांतल्या अभ्यासकांनी एकत्र बसले पाहिजे. दुसरे असे की हे काम उद्यावर टाकण्याजोगे नाही. गोदावरीवर श्रीरामसागर आणि येल्लमपल्ली येथे जलाशय झाले, काठाचे जुने थर पाण्याखाली गेले. पूर्वेकडे कोळशाच्या उघड्या खाणी जमिनीचे वरचे थर उलथवीत आहेत, आणि वाळू उपसणाऱ्यांना गोट्यांतला साक्षीदार कसा ओळखू यावा? न्यायालयात साक्षीदार मेला तर त्याची आधी नोंदविलेली जबानी तरी कामास येते. येथे जबानी घेण्यापूर्वीच साक्षीदार नाहीसा होत आहे.

दगड खोटे बोलत नाही, असे म्हणतात. ते खरे आहे. पण तो फार थोडे बोलतो, आणि विचारले तेवढेच बोलतो. आपण त्याला 'तू कोठला?' एवढेच विचारले, तर तो आपल्या डोंगराचे नाव सांगून गप्प बसेल. 'तुला कोणी आणले, पाण्याने की हाताने? किती हातांनी?' हे विचारणारा संशोधक आदिलाबादला भेटला, म्हणजे त्या नद्यांच्या काठी लाखो वर्षांपूर्वी वावरलेल्या माणसांना प्रथमच खरा न्याय मिळेल.